धुरासकट नक्कल

परळच्या एका गिरणीच्या रंगखात्यात मी सहा वर्षं काढली आणि त्या सहा वर्षांत माझी एकही शेड परत आली नाही. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगतो. व्यापाऱ्याकडून चिंधीएवढा नमुना यायचा. तो बघून मी रंग मिसळायचो, कापड बुडवायचो, वाळवायचो आणि खिडकीशी नेऊन नमुन्याला लावून धरायचो. दोन्हींत नमुना कुठला आणि माझं कापड कुठलं, हे खुद्द खात्याच्या साहेबाला ओळखता यायचं नाही. नमुन्यात जे दिसतं ते, जसंच्या तसं. माझ्या डोळ्यांची ही ख्याती होती आणि मला तिचा माज होता. का नसावा?

पण मला कापड रंगवायचं नव्हतं, माणसं रंगवायची होती. दादरला एक मास्तर तैलचित्रं करायचे. समोर बसलेल्या माणसांची करायचे, गेलेल्यांची फोटोवरून करायचे. वर्षभर दर रविवारी मी त्यांच्याकडे जात होतो. ते शिकवत असे नव्हतेच, मी बसून बघायचो. "मला ब्रश द्या" म्हटलं की त्यांचं उत्तर ठरलेलं. "लेका, आधी दोन वर्षं अक्कल गुंडाळून ठेव आणि जुन्यांची नक्कल कर."

लोक म्हणतात नकलेला अक्कल नसते. मास्तरांचं उलट. नक्कल करता करताच अक्कल येते म्हणायचे. आणि 'जुने' म्हणजे त्यांच्या लेखी एकच माणूस, मी जन्मायच्या आधीच वारलेले एक चित्रकार. गिरगावातल्या जुन्या घरांतून त्यांनी केलेली चित्रं अजून भिंतीवर होती. मास्तर ती घरं अशी सांगायचे की जशी काही देवस्थानंच.

त्या वर्षी आषाढ संपता संपता त्यांच्याकडे एक बाई आल्या. मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, निवृत्त झालेल्या, सत्तरीला टेकलेल्या. पांढरं लुगडं, कपाळ मोकळं, आणि आवाज असा की मी बसल्या जागेवरून उठून उभा राहिलो. त्यांच्या आईचं तैलचित्र 'जुन्यां'नी केलेलं होतं. आई बाईंच्या पाचव्या वर्षी, धाकट्या भावाच्या बाळंतपणात गेली. चित्र त्याच्या वर्षभर आधीचं. आजवर ते गिरगावच्या घरात होतं. आता भावाने दादरला जागा घेतली होती आणि चित्र त्याला हवं होतं. घरातला मुलगा तो, तेव्हा मूळ चित्र त्याचं, हे बाईंनी मान्य केलं होतं. पितृपक्ष लागायच्या आदल्या रविवारी तो ते न्यायला येणार होता. त्याच्या आत बाईंना नक्कल हवी होती.

"नुसती भिंतीवर टांगायला नको आहे," बाई म्हणाल्या. "अविधवा नवमीला मी आईच्या तसबिरीला कुंकू लावते. लहानपणापासून लावते आहे. मला बाराव्या वर्षी वैधव्य आलं, त्यानंतर घरातल्या बायकांनी मला कुंकवाच्या करंड्याला हात लावू दिला नाही. पण तो एक दिवस मी कुणाच्या बापाचं ऐकलं नाही. भावाच्या घरी ते आता त्याची बायको करील, तिचा तो मान आहे. मला माझ्या घरी ती हवी. नक्कल बघून मला कुंकू लावावंसं वाटलं पाहिजे. नाही वाटलं तर तुमचं चित्र तुम्ही घेऊन जा."

मास्तरांनी बाईंकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यांच्या हाती तेव्हा दोन मोठी कामं होती. "हा करील," म्हणाले. बाई गेल्यावर मला म्हणाले, "बाईंनी ठेवून घेतली तर गिरणी सोड आणि माझ्याकडे ये. नाही ठेवून घेतली तर गिरणीच बरी, पुन्हा रविवारी इथे दिसू नकोस."

मला तर आयतीच संधी. नमुना समोर आहे, त्याच्यासारखं करायचं आहे. हे तर मी रोज करत होतो.

बाईंचं घर पहिल्या मजल्यावर होतं, रस्त्याच्या बाजूला गॅलरी. चित्र मधल्या खोलीत, देव्हाऱ्याच्या बरोबर वर. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला काळपट तपकिरी चेहरा दिसला, त्याहून काळे केस, सोन्याची नथ तेवढी लुकलुकत होती. कपाळावर कुंकू. कुंकू कसलं, रुपयाएवढा लालकाळा गोळा, कॅनव्हासच्या वर उठून आलेला. मला ते फार आवडलं. म्हटलं, बघा, जुन्यांनी कुंकू कसं जाड रंगात थापलंय. हिंमत लागते.

गिरणीत माझी पहिली पाळी असली की साडेतीनला सुटायचो आणि ट्रामने गिरगावात यायचो. दोन तास उजेड मिळायचा. मास्तरांकडे बघितल्याप्रमाणे एका रिकाम्या चौकटीला दोरे ताणून चौकटी पाडल्या, ती मूळ चित्रासमोर टांगली, आणि माझ्या कॅनव्हासवर तशाच चौकटी आखल्या. नाक कुठल्या चौकटीत, कान कुठल्या, सगळं नीट उतरवलं. मग रंग. तपकिरीत काळा, त्यात किंचित पिवळा, पुन्हा तपकिरी. पॅलेटवरचा रंग सुरीच्या टोकावर घेऊन मी चित्रासमोर धरायचो, नमुन्याला कापड लावायचो तसाच. गालाला सात तपकिरी लागले. सात. कुंकवाचा गोळा तर मी असा उठवला की त्याच्या खालची बारीक सावलीसुद्धा सोडली नाही.

माझी आई रोज कटकट करायची. आम्ही मूळचे मालवणकडचे, लालबागच्या चाळीत दोन खोल्या. मी घरी आलो की ती माझी नखं बघायची. "मेल्या, मिलातसून इलंस तो परत रंगातच हात घातलंस? जन्माक पुरतलो तुका ह्यो रंग." मी म्हणायचो, "आये, ह्यो येगळो रंग." तिला ते पटायचं नाही. साबण मात्र ती स्वतःच काढून ठेवायची.

तीन आठवड्यांनी चित्र झालं. दोन्ही शेजारी शेजारी लावली. फरक सांगून दाखवा म्हणावं. बाईंना बोलावलं. त्या येऊन दोन्हींसमोर उभ्या राहिल्या.

"तशीच आहे," त्या म्हणाल्या, आणि स्वैपाकघरात निघून गेल्या.

मला त्यात कौतुक ऐकू आलं. तरुणपणी माणसाला हवं तेवढंच ऐकू येतं. मी त्याच संध्याकाळी मास्तरांना निरोप धाडला, येऊन बघा.

मास्तर आले. आधी माझं बघितलं, मग मूळ बघितलं, पुन्हा माझं. आणि हसायला लागले ते खोकला लागेपर्यंत. बाई आत चहा करत होत्या म्हणून त्यांनी तोंडावर उपरणं धरलं होतं.

"लेका," ते म्हणाले, "तू धूर रंगवलास."

मला कळेना. त्यांनी देव्हाऱ्याकडे बोट दाखवलं. समई, उदबत्ती, धूप, कापूर. साठ-पासष्ट वर्षं रोज सकाळ-संध्याकाळ त्याचा धूर वर चढत होता आणि बरोबर वर बाईंची आई होती. मग त्यांनी चित्राची चौकट खालून जराशी पुढे ओढली. चौकटीच्या काठाखाली करंगळीएवढी पट्टी झाकलेली राहिली होती. तिथे लुगड्याचा काठ हिरवागार होता. बाहेर तोच काठ चिखलाच्या रंगाचा. मी तो चिखलाच्या रंगाचा केला होता, अगदी हुबेहूब.

"आणि हा गोळा?" मी विचारलं. माझा आवाज उतरला होता.

"आधी मेण, त्यावर कुंकू. दर वर्षी एक थर. हे बाईंचं काम आहे, जुन्यांचं नव्हे. जुन्यांचा हात ह्या सगळ्याच्या खाली आहे आणि तुला तो दिसलाच नाही. नमुना मळका आला तर तू मळकं कापड रंगवून देशील?"

"देईन," मी म्हटलं. मी तापलो होतो. "व्यापारी मागेल ते देईन. बाई तशीच आहे म्हणाल्या."

"आणि कुंकू लावलं त्यांनी?"

मास्तरांनी चहा घेतला, बाईंशी हवापाण्याच्या गप्पा मारल्या, आणि जाताना जिन्यात मला म्हणाले, "कापसाला थुंकी लावून नखाएवढी जागा पुसून बघ. थुंकीनं काजळी सुटते, रंगाला धक्का लागत नाही. पण बाईंना विचारून कर."

आता हे शेवटचं वाक्य मी ऐकलं होतं. ऐकलं नाही असं मी कधीच म्हणालेलो नाही.

त्या आठवड्यात संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ झाला. गिरण्या बंद, ट्राम बंद, दुकानांच्या फळ्या लागलेल्या. रंगखात्यातले सगळे मोर्चाला निघाले. मला म्हणाले, चल की रे, का महाराष्ट्राने तुझ्याविनाच मुंबई मिळवायची? मी म्हटलं तुम्ही व्हा पुढे, आणि चिंचपोकळी, भायखळा करत चालत गिरगाव गाठलं. दिवसभराचा उजेड फुकट मिळत होता, तो मला सोडवेना. मनाला खात होतं, पण गेलो.

बाई गॅलरीत होत्या. खालून मोर्चा चालला होता आणि बाई वरून घोषणा देत होत्या. खालचे हजार लोक म्हणत होते "झालाच पाहिजे" आणि त्या सगळ्यांत बाईंचा आवाज वेगळा ऐकू येत होता, शाळेच्या मैदानात तयार झालेला. मी आत एकटा. म्हटलं, त्यांना आता कशाला मध्येच बोलवायचं. कापूस घेतला, जिभेला लावला आणि आईच्या कानाखाली, मानेवर, हळूच फिरवला.

कापूस काळा झाला. दुसरा घेतला, तोही काळा. तिसऱ्याला मानेवर नखाएवढी जागा उघडली आणि मी बघतच राहिलो. तपकिरी नव्हतीच ती. सावळी होती, पण त्या सावळ्यात खालून हिरवट झाक होती आणि वरून कुठेतरी लाल. ओली, जिवंत कातडी. सहा वर्षांत मी असली शेड बघितली नव्हती.

"काय करतो आहेस?"

बाई दारात उभ्या होत्या. माझ्या हातात काळा कापूस आणि तो पुन्हा जिभेकडे चाललेला.

"थुंकलास?" त्यांनी अगदी हळू विचारलं. "माझ्या आईवर थुंकलास?"

मी समजावून सांगायला हवं होतं. मास्तरांचं नाव घेतलं असतं तरी चाललं असतं. पण त्यांनी माझी रंगांची पेटी उचलून दाराबाहेर ठेवली आणि माझं डोकं फिरलं. म्हटलं, "आईवर नाही थुंकलो, धुरावर थुंकलो. साठ वर्षं त्या धुराला कुंकू लावताय तुम्ही. तुमच्या आईचं तोंड तुम्ही बघितलेलंच नाही."

हे वाक्य मी बोललो. बाईंनी दार लावून घेतलं, तेही आवाज न करता.

घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं, तिने बाईंची बाजू घ्यावी ह्या अपेक्षेने नव्हे. पण तिने तीच घेतली. "पोरक्या बाईक असा बोल्लंस? तुका रंग दिसतत रे मेल्या, माणूस दिसणा नाय." आणि त्या रात्री माझ्याशी बोलली नाही.

तीन दिवस मी गेलो नाही. गिरणीत जायचो, शेड जमवायचो. साहेबाने शाबासकी दिली, ती गोड लागली नाही. बाईंच्या घरात त्या आईशिवाय दुसरं कुणी नव्हतं, आणि ती आई थोड्याच दिवसांत दादरला चालली होती, आणि मागे राहणार होतं ते मी केलेलं एक मळकं कापड. हे एकदा डोक्यात आलं आणि मग निघेना. चौथ्या दिवशी पाळी सुटल्यावर गेलो. वाटेत ठरवलं होतं, पाया पडायचं आणि काही बोलायचं नाही.

दार उघडंच होतं. मधल्या खोलीत चटईवर बाई बसल्या होत्या. चित्र भिंतीवरून काढून त्यांनी पाटावर टेकवून ठेवलं होतं. शेजारी कापसाचा पुडा, ताटलीत काळे बोळे. मानेवर मी उघडलेली नखाएवढी जागा आता तळहाताएवढी झाली होती.

"ये," त्यांनी मागे न बघता म्हटलं. "तीन दिवस ती जागा बघते आहे. ही मान माझ्या ओळखीची नाही." मग माझ्याकडे वळल्या. "थुंकायचंच असेल तर मी थुंकेन. माझी आई आहे. तू कापूस दे फक्त."

मी खाली बसलो आणि कापसाचे बोळे करून देऊ लागलो. बाई एकेक बोळा जिभेला लावायच्या आणि आईचा गाल पुसायच्या. हाताला अजिबात घाई नव्हती. मध्येच म्हणाल्या, "माझं तोंडही तिनं असंच पुसलं असेल. पदराला थुंकी लावून. मला आठवत नाही."

त्या दिवशी गाल आणि हनुवटी झाली. दुसऱ्या दिवशी नाक, डोळे. धूर निघत गेला तसतशी ती बाई लहान होत गेली. मी ज्या चेहऱ्याला चाळिशीची प्रौढ बाई समजून तीन आठवडे रंगवलं होतं ती वीस-बावीस वर्षांची पोरगी निघाली. डोळ्यांत हसू होतं, चित्रकारासमोर बसून कंटाळा आलेला आणि हसू दाबलेलं. बाई बघत बसल्या.

"ही तर पोर आहे रे," त्या म्हणाल्या. "माझ्या शेवटच्या वर्गातल्या मुली हिच्यापेक्षा फार लहान नसायच्या. आणि मी हिला आई म्हणून घाबरत आले."

राहिलं कपाळ. कुंकवाच्या गोळ्याला मी हात लावला नाही. मी शिकलो होतो तेवढं. टर्पेंटाईनमध्ये कापूस बुडवून बाईंच्या हातात दिला आणि कसं करायचं ते सांगितलं. मेण मऊ झालं, एकेक थर निघत गेला. लाल, काळा, पुन्हा लाल. बाईंची बोटं लाल झाली. खाली जुन्यांनी काढलेलं कुंकू निघालं, बारीक आडवी चिरी, ब्रशच्या एका फटक्यात ओढलेली. आणि तिच्या खाली, दोन भुवयांच्या मध्ये, गोंदणाचा एक हिरवा ठिपका.

बाईंचा हात थांबला. "हे मला माहीतच नव्हतं," त्या म्हणाल्या. "कुणी सांगितलं नाही. आणि मीच झाकत आले."

त्या रडल्या. मुख्याध्यापिका रडतात तेव्हा कुठे बघायचं असतं हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मी त्यांना म्हणालो, "बाई, त्या दिवशी मी बोललो ते चुकलं." त्या म्हणाल्या, "चुकलं नाही. उद्धटपणे बोललास, एवढंच. आता नीट कर."

भाऊ यायला अकरा दिवस होते. माझं तीन आठवड्यांचं काम मी सुरीने खरवडलं. सात तपकिरी, कुंकवाची सावली, सगळं. खरवडताना वाईट वाटेल असं वाटलं होतं, उलट हात सुटल्यासारखे झाले. गिरणीतून बिनपगारी रजा घेतली. साहेब म्हणाला, लग्न आहे का? मी म्हटलं, त्याहून मोठं आहे.

आणि मग मी खरा शिकलो. त्याआधी जे केलं ते शेड जमवणं होतं. जुन्यांनी ती पोरगी आधी संपूर्ण हिरवट करड्या रंगात रंगवली होती, आणि ते वाळल्यावर वरून पातळ लाल-पिवळे थर दिले होते. कापडात रंग मुरतो, एकजीव होतो. इथे खालचा रंग खाली राहून वरच्याला आतून ढकलत होता. पॅलेटवर तो रंग मिसळून मिळणारच नव्हता, मी जन्मभर मिसळत बसलो असतो तरी. वाळायला वेळ कमी म्हणून मी खालचा थर टर्पेंटाईन जास्त घालून पातळ दिला. ओठाचा खालचा काठ त्यांनी एका फटक्यात काढला होता. मी तो अठ्ठावीस वेळा पुसला. एकोणतिसाव्या वेळी तो एका फटक्यात आला आणि मी इतक्या जोरात "आला" म्हणालो की बाई हातात झारा घेऊन बाहेर आल्या. जुन्यांचा हात कसा वळला असेल ते माझ्या मनगटाला कळलं. वारलेल्या माणसाने हात धरून शिकवावं, ते मला त्या खोलीत मिळालं, आणि पुढे मी जे काही झालो ते त्या अकरा दिवसांतून झालो. हे मी अभिमानाने सांगतो आणि कमी करून सांगणार नाही.

रविवारी सकाळी भाऊ टॅक्सी घेऊन आले. तेही साठीच्या पुढचे. दारातच थांबले. "ही कोण?" त्यांनी विचारलं.

"आई," बाई म्हणाल्या.

ह्या गृहस्थांनी आईला कधी बघितलंच नव्हतं. ते जन्मले आणि ती गेली. ते खुर्चीवर बसले आणि बराच वेळ उठले नाहीत. मग चादरीत गुंडाळून मूळ चित्र खाली नेलं. जिन्यात मीच धरलं होतं, हमालाच्या हातात देववेना. टॅक्सी सुटली. बाई गॅलरीत आल्या नाहीत.

वर आलो तेव्हा भिंत रिकामी होती. माझी नक्कल मी तिथे लावली, आणि बाईंच्या सांगण्यावरून देव्हारा समोरच्या भिंतीला हलवला. मग मास्तरांनी बजावलेलं सगळं सांगून टाकलं. रंग वरून वाळला तरी आतून ओला असतो, सहा महिने हात लावायचा नाही, ह्या नवमीला कुंकू चौकटीला लावा, कपाळाला नाही.

"मी चाळीस वर्षं शाळा चालवली," बाई म्हणाल्या. "नियम कळतात मला."

चित्राबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. मी ओझरतं विचारलंही, कशी झालीय. त्या म्हणाल्या, "नवमीनंतर ये."

ते नऊ-दहा दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. रंगखात्यात त्या दिवसांत माझी शेड पहिल्यांदा चुकली. साहेबाच्या नजरेस पडायच्या आत मी ती पुन्हा केली, म्हणून परत न आल्याचा माझा हिशेब अजून शाबूत आहे. मास्तर काही विचारत नव्हते. आईने नवमीच्या दिवशी दुपारी मला दुसऱ्या पाळीला न धाडता सरळ गिरगावात धाडलं. म्हणाली, "जा, बघून ये. हय बसान काय करतलंस?"

बाई मधल्या खोलीत खुर्चीवर होत्या. मी आलो तशा उठल्या आणि चित्रासमोर येऊन उभ्या राहिल्या, पाठीमागे हात. उशिरा आलेल्या मुली त्यांच्यासमोर अशाच उभ्या राहत असतील.

"ओली आहे म्हणाला होतास," त्या म्हणाल्या. "विसरले नव्हते मी."

त्या बाजूला झाल्या. कपाळावर, चिरीच्या जागी, बोट रुतलं होतं. माझा लाल रंग आणि करंड्यातलं कुंकू एकत्र होऊन बाजूला सरकलं होतं आणि मधोमध बाईंच्या बोटाचा ठसा, रेघांसकट. अकरा दिवसांत मी जे सगळ्यात जपून काढलं होतं ते.

"राहवलं नाही रे," बाई म्हणाल्या.

मी तापट माणूस, माझ्या कामाला कुणी बोट लावलं तर मी काय करतो हे गिरणीत सगळ्यांना माहीत होतं. मी तिथेच खाली बसलो. हसत होतो की काय करत होतो, मला सांगता येणार नाही. बाई म्हणाल्या, "दुरुस्त होईल का?" मी म्हटलं, "होईल. पण मी करणार नाही."

मग त्यांचा पाठीमागचा हात मी बघितला. उजव्या हाताची अनामिका लालभडक, नखापर्यंत. तैलरंग तो, पाण्याने जात नाही. कोपऱ्यात राहिलेल्या माझ्या पेटीतून मी टर्पेंटाईनची बाटली काढली, बूच उघडलं, चिंधी ओली केली आणि त्यांच्यापुढे धरली.

बाईंनी हात मागे घेतला. "राहू दे," त्या म्हणाल्या. "आज शेजारणी येणार आहेत. बघू देत त्यांना."